एकच डाग, दोन रिपोर्ट
वाचकांचे प्रश्न, पॅथॉलॉजिस्टची उत्तरे

मागच्या अंकात तीळ आणि मेलानोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कॅन्सर, यांवर लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. उत्तरे त्वचेच्या बायोप्सी पाहणाऱ्या दोन पॅथॉलॉजिस्टनी मिळून लिहिली आहेत.

माझी आई ६३ वर्षांची आहे. तिच्या डाव्या टाचेवर ९ मिमीचा काळपट डाग आहे. त्याचा छोटा तुकडा काढून तपासला. एका लॅबने लिहिलं, ‘ॲटिपिकल मेलानोसायटिक प्रोलिफरेशन (रंगपेशींची वेगळी वाटणारी वाढ), मेलानोमा नाकारता येत नाही’. त्याच स्लाइड दुसऱ्या लॅबला दाखवल्या, तर ‘ॲक्रल नीव्हस’, म्हणजे तळहात-तळपायावरचा साधा तीळ, असं उत्तर आलं. कोण चुकलं? आणि आता आम्ही काय करायचं? — रामबाग, इंदूर

दोन रिपोर्ट जुळले नाहीत, एवढ्यावरून कोणी हलगर्जी केली असं ठरत नाही. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींच्या गाठी वाचणं हे पॅथॉलॉजीतलं अवघड काम आहे, आणि ते किती अवघड आहे हे मोजूनही पाहिलेलं आहे. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. १० राज्यांतल्या १८७ पॅथॉलॉजिस्टना २४० बायोप्सींच्या संचातल्या स्लाइड वाटून दिल्या आणि त्यांची उत्तरं तीन तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेल्या निदानाशी ताडून पाहिली. अगदी निरुपद्रवी तिळांच्या बाबतीत ९२ टक्के उत्तरं जुळली. खोल गेलेल्या मेलानोमात ७२ टक्के जुळली. मधल्या तीन पायऱ्यांवर मात्र हा आकडा २५, ४० आणि ४३ टक्क्यांवर आला. तीच स्लाइड त्याच डॉक्टरांना आठ महिन्यांहून अधिक काळाने पुन्हा दिली, तेव्हा मधल्या पायऱ्यांवर कित्येकांचं स्वतःचंच मत बदललं होतं. त्या अभ्यासात अवघड केसेस मुद्दाम जास्त घेतल्या होत्या आणि प्रत्येक केसची एकच स्लाइड दिली होती, तेव्हा रोजच्या कामाला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. तरी अडचण मधल्या पायऱ्यांवर आहे, हे त्यातून स्वच्छ दिसतं. तुमच्या आईंचा डाग नेमका तिथेच आहे.

तळपायाची आणखी एक गंमत आहे. इतर ठिकाणच्या त्वचेत रंगपेशी वरच्या थरांत चढलेल्या दिसल्या की पॅथॉलॉजिस्ट सावध होतो. तळहात-तळपायाच्या साध्या तिळात मात्र काही पेशी अशा चढतातच. उलट, तळपायाचा मेलानोमा सुरुवातीला फारच साळसूद असतो. तळाच्या थरात थोड्या जास्त पेशी, केंद्रकं जराशी मोठी आणि गडद, खाली दाह नाही. तुकडा डागाच्या कडेचा असेल तर दोन्ही एकसारखेच दिसू शकतात.

मुळात वाद चालला आहे तो काढलेल्या तुकड्याचा; बाकीचा डाग अजून टाचेवरच आहे. म्हणून तिसऱ्या लॅबचं तिसरं मत गोळा करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना उरलेला डाग डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहून फोटो घ्यायला सांगा. तळपायाच्या रेघांमधल्या खोबणीत रंग असेल तर बहुधा साधा तीळ. उंचवट्यांवर समांतर पट्टे दिसले तर मेलानोमाचा संशय बळावतो. मग उरलेला डाग कडेची १ ते ३ मिमी निरोगी त्वचा घेऊन पूर्ण काढायचा आणि सगळा तपासायचा. एवढ्या छोट्या डागासाठी हाच सरळ रस्ता. ‘सुरी लागली की पसरतो’ ही भीती मनातून काढून टाका. बायोप्सी घेतल्याने मेलानोमा असलेल्यांचं आयुष्य घटल्याचं दिसलेलं नाही.

तज्ज्ञ मत घ्यायचं ते पूर्ण डाग काढल्यावर, आणि त्वचेच्या पॅथॉलॉजीचंच काम करणाऱ्याकडून. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासण्याची सोय आहे. पाठवताना फक्त रिपोर्टची झेरॉक्स पाठवू नका. मूळ स्लाइड, तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक, दोन्ही रिपोर्ट आणि काढण्याआधीचा फोटो, एवढं हवंच. ब्लॉक लॅबच्या ताब्यात असतो, लेखी अर्ज करून पोच देऊन मिळतो. ब्लॉक द्यायला लॅब कां-कूं करत असेल तर त्यातून कापलेल्या, न रंगवलेल्या दहा स्लाइड चार्ज्ड काचेवर मागा; साध्या काचेवरचे काप इम्युनो (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी) करताना सुटून जातात. ब्लॉकचं मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. मे महिन्यात इंदुरात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते पाकीट ठेवू नका.

आणि दोनांपैकी मनाला गोड वाटणारा रिपोर्ट उचलून गप्प बसू नका. तसं होतं, नेहमी होतं.

मी देवासला सर्जन आहे. संशयित तिळाची पंच बायोप्सी (गोल पात्याने काढलेला छोटा तुकडा) पाठवली की रिपोर्टच्या शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइज्ड’, म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहा, असं येतं. यातून मी काय समजायचं? पॅथॉलॉजिस्ट हात झटकतात असं वाटतं.

कधी कधी झटकतातही. पण बहुतेक वेळा अडचण डबीत आलेल्या नमुन्यात असते.

मेलानोमा ओळखायला पेशी कशा दिसतात यापेक्षा पूर्ण रचना कशी आहे हे जास्त लागतं: दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कडा एकदम संपते की विरत जाते, खोल जाताना पेशी लहान होतात का. ३ मिमीच्या पंचमध्ये यातलं काहीच दिसत नाही. जमेल तिथे पूर्ण डाग १ ते ३ मिमी कडेसह, चरबी दिसेपर्यंत काढा. हातापायांवर छेद अवयवाच्या लांबीच्या दिशेने घ्या, म्हणजे पुढे रुंद काढावं लागलं तर टाके बसतात. डाग फारच मोठा असेल किंवा चेहऱ्यावर, तळपायावर असेल, तरच सगळ्यात गडद किंवा जाड भागातून तुकडा घ्या. तेव्हाही फॉर्मवर ‘तुकडा’ असं लिहा, डाग किती मोठा होता ते लिहा. वरवर खरवडलेल्या नमुन्यात मेलानोमाचा तळ कापला गेला, तर जाडी ‘किमान ०.६ मिमी’ अशीच लिहिता येते. त्या ‘किमान’वर पुढची शस्त्रक्रिया नीट ठरवता येत नाही.

फॉर्मवर वय, नेमकी जागा, मिमीमध्ये आकार, किती दिवसांपासून, काय बदललं, आधी तिथे लेसर, कॉटरी किंवा जाळण्याचं औषध लावलं का, गर्भारपण, हे सगळं हवं. ‘पिगमेंटेड लीजन, लेग’ एवढ्यावर खात्रीचं उत्तर मागणं योग्य नाही. मोबाइलवर काढलेला पट्टी ठेवून घेतलेला एक फोटो दहा ओळींपेक्षा उपयोगी पडतो.

आता फॉर्मेलिन. नमुन्याच्या आकारमानाच्या १० ते २० पट, बफर केलेलं, १० टक्के. १ लिटरसाठी १०० मिली बाजारातलं फॉर्मेलिन, ९०० मिली पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. बफर न घातलेलं फॉर्मेलिन पडून राहिलं की आम्ल होतं आणि ऊतीत तपकिरी-काळे कण साठतात. मेलानिनच्या आजारात हे कण म्हणजे मोठीच डोकेदुखी. ध्रुवित प्रकाशात ते चमकतात, मेलानिन चमकत नाही. पण असे कण पडतात हे माहीत असेल तरच कोणी तसं तपासतो. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये नमुना पाठवू नका. दोन तीळ काढले तर दोन डब्या, आणि नाव झाकणावर न लिहिता डबीवर लिहा. झाकणं बदलतात.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘कोरिलेशन’ लिहून आलं तर फोन करा आणि विचारा: कोणत्या दोन निदानांमध्ये अडकलाय, आणि वाईट निदान खरं धरलं तर कडा किती घ्यायची? चांगला पॅथॉलॉजिस्ट या दोन्हींचं उत्तर देतो.

मी नुकतीच एम.डी. पॅथॉलॉजी झाले असून इंदूरच्या एका लॅबमध्ये रिपोर्टिंग करते. मेलानोसायटिक केसेस वर्षाकाठी मोजक्याच येतात. प्रत्येक वेळी सही करताना हात थबकतो. मेलानोमा सुटला तर, आणि नसलेला लिहिला तर, या दोन्हींची भीती वाटते. आत्मविश्वास येणार कसा?

हात थबकतो हे लक्षण चांगलं आहे. ऑस्ट्रेलियात लाखामागे दरसाल तिसाहून अधिक नवे मेलानोमा सापडतात, भारतात एकसुद्धा नाही. त्यामुळे तिथल्या पॅथॉलॉजिस्टच्या हाताखालून जे वर्षभरात जातं, ते इथे आयुष्यभरातही जाणार नाही. वर उल्लेख केलेल्या अमेरिकन गटाच्या पुढच्या कामात हेच दिसलं, की ज्यांचं त्वचा-पॅथॉलॉजीचं वेगळं प्रशिक्षण झालं होतं, अनुभव अधिक होता आणि ज्यांच्याकडे अशा केसेस जास्त येत, त्यांची उत्तरं जास्त बरोबर होती. अनुभवाला पर्याय नाही. पण खात्री वाटणं आणि बरोबर असणं एकच नव्हे. दहा वर्षं बिनधास्त सह्या केल्या आणि एकही चूक परत कानावर आली नाही, तर खात्री वाढते. अचूकता वाढलेली असेलच असं नाही. चुका परत येतील अशी सोय करा.

ती अशी. एक वही ठेवा. प्रत्येक मेलानोसायटिक केसला, इम्युनो मागवण्याआधी, पहिलं निदान आणि खात्री १ ते ५ मध्ये लिहा. शेजारी अंतिम निदान, दुसऱ्याचं मत आणि रुग्णाचं पुढे काय झालं याचे रकाने. ‘५’ लिहिलेल्या किती केसेस पालटल्या ते वर्षाने पाहा. स्वतःबद्दल इतकी नेमकी माहिती कुठलीही कार्यशाळा देणार नाही. दुसरं, इथे काय येतं ते ओळखून तयारी करा. पाश्चात्त्य ॲटलस पाठीवरच्या, उन्हाने झालेल्या मेलानोमांनी भरलेले असतात. आपल्याकडे तळपाय, नखं आणि श्लेष्मल त्वचा (तोंड-नाकाच्या आतलं ओलसर अस्तर) जास्त, आणि त्यांत उन्हाचा हात नसतो. डिजिटल स्लाइडचे संच पाहताना ॲक्रल आधी पाहा.

टेबलावर क्रम मोडू नका. ग्रॉसिंगला, म्हणजे नमुना पाहून कापताना, तळपायाचा नमुना त्वचेच्या रेघांना काटकोनात कापलेला असला पाहिजे. रेघांना समांतर कापला तर पेशी खोबणीखाली आहेत की उंचवट्याखाली हे कळतच नाही, आणि निम्मं निदान तिथेच हातचं जातं. कडांना शाई, काप २ ते ३ मिमीचे, सगळा डाग घ्यायचा. काचेवर काप ३ ते ४ मायक्रॉनचे. जाड काप आला की प्रत्येक केंद्रक गडद दिसतं आणि साध्या तिळाचा मेलानोमा होतो. निदान तीन लेव्हल्स (वेगवेगळ्या खोलीचे काप) घ्या आणि मधले काप टाकून देऊ नका, इम्युनोला लागतात.

आधी २ किंवा ४ च्या लेन्सवर बराच वेळ घालवा. नवखे एकदम ४० वर जातात आणि एका बेढब पेशीत अडकतात. समरूपता, कडा, खोलीकडे पेशी लहान होणं, तळाशी मायटोसिस (पेशींचं विभाजन) आहे का, घरटी (पेशींचे पुंजके) एकमेकांत मिसळून सलग पट्टा झालाय का, हे या क्रमाने. मायटोसिस मोजताना जिथे सर्वात जास्त दिसतात तिथून सुरुवात करून लागून असलेल्या क्षेत्रांत १ चौ. मिमी भरेपर्यंत जा. आयपीसचा फील्ड नंबर २२ असेल तर ४० च्या लेन्सला क्षेत्राचा व्यास ०.५५ मिमी, म्हणजे साधारण ४ क्षेत्रं. २० असेल तर ५. ‘१० हाय पॉवर फील्ड’ इथे चालत नाही.

सावळ्या त्वचेत रंगद्रव्य इतकं दाट असतं की केंद्रक दिसत नाही. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाने एक काप ब्लीच करून पाहा. इम्युनोला नेहमीचा तपकिरी डीएबी रंग मेलानिनमध्ये हरवतो, म्हणून लॅबकडे लाल क्रोमोजेन मागा, किंवा डीएबीवर जिम्साचा काउंटरस्टेन: मेलानिन हिरवट होतं, डीएबी तपकिरीच राहतं. इम्युनोच्या मार्करांपैकी तळाच्या थरातल्या पेशी मोजायला सॉक्स-१० चांगलं, कारण ते केंद्रकात उमटतं. मेलान-ए दाह असलेल्या त्वचेत फसवतं, नसलेली घरटी दाखवतं. एचएमबी-४५ साध्या तिळात वरून खाली फिकं होत जातं. निळ्या नीव्हसमध्ये मात्र खालपर्यंत सारखं येतं. प्रेम, म्हणजे पी-आर-ए-एम-ई हे मार्कर, अलीकडे सगळीकडे मागतात. ७५ टक्क्यांहून जास्त केंद्रकं रंगली तर मेलानोमाकडे झुकतं माप. पण काही साधे तीळ, विशेषतः स्पिट्झ, रंगतात, आणि डेस्मोप्लास्टिक (तंतुमय) मेलानोमा बरेचदा रंगत नाही. डेस्मोप्लास्टिकमध्ये मेलान-ए आणि एचएमबीसुद्धा सहसा येत नाहीत. एस-१०० आणि सॉक्स-१० येतात. इम्युनो हा साक्षीदार आहे, निकाल हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगानेच लागतो.

इतकं करूनही काही केसेस ठरत नाहीत, आणि ठरत नाही असं लिहिणं हेही निदानच. अशांसाठी मेलटंप हा शब्द रूढ आहे: मेलानोसायटिक गाठ, कुठे जाईल ते अनिश्चित. फक्त तो शब्द टाकून थांबू नका. बाजूने काय, विरुद्ध काय, तुमचा कल कुठे, कडा मोकळ्या आहेत का, हे लिहा. मेलानोमा धरला तर ब्रेस्लो जाडी (गाठ त्वचेत किती खोल गेली ते माप) किती भरेल तेही मोजून द्या. ब्रेस्लो ग्रॅन्युलर थराच्या माथ्यापासून सर्वात खोल पेशीपर्यंत, ०.१ मिमीपर्यंत, तळपायाचा जाड केराटिन थर धरायचा नाही, व्रण (वरची त्वचा फुटून झालेली उघडी जखम) असेल तर त्याच्या तळापासून मोजायचं. कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या एजेसीसी या अमेरिकी संस्थेच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीत ०.८ मिमीच्या आत आणि व्रण नसेल तर टी१ए, ०.८ ते १ मिमी, किंवा व्रण असेल तर, टी१बी, आणि तिथून सेंटिनल गाठीची, म्हणजे कॅन्सर आधी जिथे पोचतो ती लसिकाग्रंथी तपासण्याची, चर्चा सुरू होते. ०.७ आणि ०.८ यांत एका तिरप्या कापाचा फरक पडू शकतो. तिरपा काप असेल तर तसं लिहा आणि ब्लॉक पुन्हा बसवून कापा.

दुसऱ्याला दाखवणं हा कमीपणा नाही. मेलानोमाचं पहिलं निदान, मुलांमधली संशयित गाठ आणि मधल्या पायरीचं सगळं, सहीआधी आणखी एका डोळ्याखालून घालायचा नियमच करा. दाखवताना तुमचं मत आधी सांगू नका. सांगितलं की समोरचा बहुधा होकार देतो, आणि तुम्हाला मिळतो तो तुमचाच प्रतिध्वनी.

गालावरचा तीळ दोन वर्षांपूर्वी पार्लरमध्ये लेसरने काढून घेतला. तिथेच पुन्हा काळा, वेडावाकडा डाग उमटलाय. कॅन्सर झाला का? — सुदामानगर, इंदूर

बहुधा नाही. वरचा भाग जाळला, खोल पेशी राहिल्या, आणि त्या जखमेच्या वणावर (व्रणावर) पुन्हा चढल्या. याला रिकरंट नीव्हस म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो इतका मेलानोमासारखा दिसतो की १९७५ मध्ये त्याला ‘स्यूडोमेलानोमा’ हे नाव मिळालं. रंग व्रणाच्या हद्दीतच असेल तर धीर धरायला हरकत नाही, व्रणाबाहेर पसरला असेल तर थांबू नका. दोन्ही बाबतीत त्वचारोगतज्ज्ञांकडून पूर्ण काढून तपासून घ्या आणि फॉर्मवर ‘आधी लेसर’ हे दोन शब्द लिहिले गेले का ते स्वतः वाचा. ते राहिले, तर चुकून मेलानोमा लिहिला जाण्याची पुरेपूर शक्यता आहे. काढलेला तीळ तपासायला न पाठवणाऱ्या ठिकाणी तीळ काढूच नये.

वडिलांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखात वर्षभर काळी उभी रेघ आहे. काही लागलं असेल म्हणून थांबलो. नखाचा तुकडा कापून तपासायला द्यावा का? — राजेंद्रनगर, इंदूर

नखाचा तुकडा देऊन काही साधत नाही. रेघेचा उगम नखाच्या मुळाशी, कातडीखाली झाकलेल्या मॅट्रिक्समध्ये असतो. बायोप्सी तिथलीच लागते, आणि ती नखांचं काम सरावाने करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाने किंवा सर्जनने घ्यावी. कापलेल्या नखात फार तर बुरशी किंवा साकळलेलं रक्त कळेल.

साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम १ ते दीड मिमी वाढतं, हाताचं सुमारे ३ मिमी. आजच नखाच्या मुळाशी डागाच्या मागच्या टोकाला बारीक खूण करून फोटो काढा. दोन महिन्यांत डाग खुणेसकट पुढे सरकला आणि मागे स्वच्छ नख आलं तर रक्त. रेघ मुळापर्यंत तशीच राहिली तर रक्त नाही. मेंदी किंवा हेअर डाय लावत असतील तर तोही रंग वरचाच असतो, खरवडला की जातो.

आपल्या वर्णाच्या माणसांत अनेक नखांवर फिकट रेघा असणं नेहमीचं आहे. एकाच नखावरची, विशेषतः अंगठ्याची, ३ मिमीहून रुंद, मुळाशी जास्त रुंद होत जाणारी, वेगवेगळ्या छटांची रेघ, किंवा नखाच्या कडेच्या कातडीत उतरलेला काळेपणा असेल तर मात्र ते दोन महिनेही थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा आणि गोळी स्वतःहून बंद करू नका.